जुने, फारसे कुणाला माहीत नसलेले रेसिंग चित्रपट लोक एवढ्या हौसेने का जमवतात?

प्रश्नाच्या तपशिलात तुम्ही लिहिलंय की या चित्रपटांच्या कथा एकजात सुमार असतात आणि बघण्यासारखे फक्त शर्यतीचे प्रसंग असतात, मग संग्राहक तेवढेच कापून का ठेवत नाहीत? शिवाय नव्या माणसाने सुरुवात कुठून करावी आणि यांची किंमत वाढेल का, असंही विचारलंय. दुसऱ्या भागाचं उत्तर कुणीही देईल. पहिला भाग वाचून मात्र गप्प बसवेना.

माझं मत ऐका. शर्यतीचे प्रसंग हा या चित्रपटांतला सर्वांत कमी मोलाचा भाग आहे. खरा ऐवज तुम्ही ज्याला सुमार कथा म्हणता त्या भागात असतो. नायक-नायिका पिटच्या (शर्यतीत गाड्या थांबवून दुरुस्त करतात ती जागा) कठड्याला टेकून भांडत असतात ना, नेमका तिथे.

पन्नाशी-साठीच्या दशकांतले कमी खर्चाचे रेसिंग चित्रपट बनायचे कसे ते आधी बघा. शर्यतीची दृश्यं बरेचदा विकतच आणलेली असायची. वृत्तपटांच्या संग्रहातून, लायब्ररीतून. एकच अपघात वेगवेगळ्या चित्रपटांत वेगवेगळ्या नायकांच्या नावावर खपवलेला सापडतो. कधी तेच दृश्य डावं-उजवं फिरवून वापरलेलं असतं, आणि बॉनेटवरचा आकडा उलटा दिसला की ते लक्षात येतं. नायकाचा क्लोज-अप असेल तर तो स्टुडिओत, मागे पडद्यावर रस्ता पळतोय आणि हा स्टिअरिंग हलवतोय. कॅमेरा सावकाश चालवून वेग वाढवलेला असेल, तर कडेची माणसं तुरुतुरु चालताना दिसतात. म्हणजे ज्याला तुम्ही खरी शर्यत समजून जपणार, त्यातलं बरंचसं उसनं किंवा बनावट असू शकतं.

आता संवादांचे प्रसंग घ्या. निर्माता गरीब, सेट बांधायला पैसे नाहीत. मग युनिट सरळ एखाद्या खऱ्या शर्यतीच्या ठिकाणी जायचं, नटांना पॅडॉकमध्ये, म्हणजे पिटमागच्या गाड्या आणि माणसांच्या आवारात, उभं करायचं आणि संवाद उरकायचं. मागे जे चाललेलं असायचं ते कुणी रचलेलं नव्हतं. मेकॅनिक आपलं काम करतायत, चालक सिगारेट ओढतायत, कुणाची तरी बायको स्टॉपवॉच घेऊन टायरवर बसलीय. वृत्तपटाचा कॅमेरामन या गोष्टींवर फिल्म वाया घालवत नसे. त्याला स्टार्ट, अपघात आणि हार घातलेला विजेता एवढंच हवं असायचं. त्यामुळे त्या काळातल्या पॅडॉकचं दैनंदिन जीवन, तेही सलग, आवाजासकट, बरेचदा फक्त या पडेल चित्रपटांत उरलं आहे.

रॉजर कॉर्मनने १९६२ च्या हंगामात युनिट घेऊन युरोपातल्या ग्राँ प्री शर्यतींमागे फिरत ‘द यंग रेसर्स’ काढला, तो १९६३ मध्ये आला. त्यात ध्वनिमुद्रणाचं काम करत होता फ्रान्सिस कोपोला. गोष्ट आज कुणी सांगूही शकणार नाही, पण दीड लिटर इंजिनांच्या त्या सडपातळ गाड्या आणि त्यांच्याभोवतीची माणसं तिथे आहेत. त्याच्याही आधी, १९५४ मध्ये हॅमर कंपनीचा ‘मास्क ऑफ डस्ट’ आला. दिग्दर्शक टेरेन्स फिशर, जो पुढे ड्रॅक्युलासाठी नावाजला गेला. त्यात रेसिंग चालक स्टर्लिंग मॉस स्वतःच्याच भूमिकेत आहे. हे चित्रपट कुठल्याही ‘सर्वोत्तम’ यादीत येणार नाहीत, आणि ज्याला हा खेळ कळतो तो त्यासाठी ते बघतही नाही.

आता माझ्याबाबतीत घडलेलं सांगतो, म्हणजे मी एवढा पोटतिडकीने का लिहितोय ते कळेल.

आमच्या ओळखीच्या संग्राहकांमध्ये एक ज्येष्ठ गृहस्थ आहेत. सगळे त्यांना भाऊ म्हणतात, मीही म्हणतो. १६ मिमी प्रोजेक्टर दुरुस्त करायला मी त्यांच्याकडेच शिकलो, हे आधी सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यामुळे त्यांच्याविषयी गैरसमज नको. भाऊंना एक प्रिंट मिळाली. पन्नाशीच्या दशकातला कृष्णधवल ब्रिटिश रेसिंग चित्रपट, भाड्याने रिळं देणाऱ्या लायब्ररीसाठी काढलेली १६ मिमी प्रत. चित्रपटाचं नाव मुद्दाम देत नाही, या वर्तुळातल्या लोकांना त्यावरून भाऊ लगेच ओळखू येतील. प्रिंट चांगली होती. थोडे ओरखडे, दोन-तीन जुने जोड, पण कडेची भोकं शाबूत आणि सडल्याचा वास नाही.

भाऊंनी ती पाहिली आणि कात्री लावली. शर्यतीचे तुकडे एका रिळावर जोडले आणि उरलेली फिल्म एका पिशवीत कोंबली. मी गेलो तेव्हा ती पिशवी दाराशी ठेवलेली, टाकायचीच होती. मी म्हटलं, “भाऊ, हे काय केलंत?” ते म्हणाले, “अरे, नुसती रडारड आहे त्यात. तुला हवी तर घेऊन जा.” मी घेऊन आलो.

त्या पिशवीतले तुकडे सरळ करून, पुसून, क्रमाने लावायला बराच काळ गेला. क्रम लावायला संवादांचा उपयोग झाला, शिवाय कडेच्या खुणांचाही. कोडॅकच्या फिल्मच्या कडेला वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा खुणा असतात. त्यांवरून कच्ची फिल्म कोणत्या वर्षी बनली ते कळतं. फक्त त्या वीस वर्षांनी पुन्हा येतात, म्हणून एकट्या खुणेवर विसंबायचं नसतं. सगळं लागल्यावर मी ते बघायला बसलो.

एक प्रसंग आहे. नायकाची बायको त्याला म्हणतेय की तू आता हे सोड. दोघे कॅमेऱ्याच्या अगदी पुढ्यात. त्यांच्या खांद्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत, मागे, एक माणूस गुडघ्यावर बसून ब्रशने गाडीच्या कुशीवर आकडा रंगवतोय. हाताने. आधी एका बाजूने वळण काढतो, मान तिरकी करून बघतो, फडक्याने कड पुसतो, पुन्हा ब्रश बुडवतो. त्याच्या पलीकडे दुसरा माणूस हातोडीने चाकाची मधली चाप ठोकून घट्ट करतोय, आणि त्या ठोक्यांचा आवाज बायकोच्या वाक्यांमधून ऐकू येतो. मग तिसरा येतो, भल्यामोठ्या नरसाळ्यातून टाकीत पेट्रोल ओततो, आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर एकजण तोंडात सिगारेट धरून उभा आहे. हा सबंध प्रकार एका सलग शॉटमध्ये आहे. नायक-नायिकेच्या अभिनयाबद्दल भाऊ म्हणतात ते खरंच आहे. पण रेसिंगवरच्या एवढ्या पुस्तकांत मी एकही छायाचित्र पाहिलेलं नाही ज्यात तो आकडा रंगवणारा माणूस मान तिरकी करून बघतो.

हे मी भाऊंना दाखवलं. त्यांनी शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, “यात गाडी कुठे पळतेय?” मग त्यांनी त्यांचं शर्यतीचं रीळ लावलं. त्यातल्या एका वळणावरच्या दृश्यात बॉनेटवरचा आकडा उलटा होता. मी बोट दाखवलं. हे दृश्य लायब्ररीतून आणून फिरवलेलं आहे, हा या चित्रपटासाठी काढलेला शॉटच नाही, म्हटलं. तिथून आमचं जे वाजलं ते आजतागायत मिटलेलं नाही.

भाऊंचं म्हणणं असं की संग्रह हा ज्याचा त्याचा असतो, प्रिंट पैसे देऊन घेतलेली आहे, आणि ज्याला जे आवडतं ते त्याने ठेवावं. मला हे मान्य नाही. मोठ्या चित्रपटाची निगेटिव्ह कुठल्यातरी अर्काइव्हमध्ये जपलेली असते, तिथे एका प्रिंटला कात्री लागली तर चित्रपट मरत नाही. या किरकोळ चित्रपटांचं तसं नसतं. कंपन्या बुडाल्या, निगेटिव्ह इकडची तिकडे झाली. ‘वीकेंड ऑफ अ चॅम्पियन’सारख्या चित्रपटाचीसुद्धा काय गत झाली बघा. १९७१ च्या मोनॅको ग्राँ प्रीत चालक जॅकी स्ट्यूअर्टच्या मागे कॅमेरा लावून तो काढला, निर्माता रोमान पोलान्स्की, शर्यत स्ट्यूअर्टने जिंकलेली. एवढी मोठी नावं असून तो १९७२ नंतर कित्येक दशकं विस्मरणात पडून होता आणि २०१३ मध्ये पुन्हा लोकांसमोर आला. पोलान्स्की-स्ट्यूअर्टची ही अवस्था, तर नाव नसलेल्या चित्रपटांना कोण विचारतो? एखाद्या खाजगी माणसाच्या कपाटातली १६ मिमी प्रत हीच कधी कधी शेवटची असते. ती तुमच्या मालकीची असेल, पण तिला कात्री लावायचा हक्क तुम्हाला आहे असं मी मानत नाही.

तुम्ही विचारलंय ‘आकर्षण काय?’ तर एक मोठं आकर्षण म्हणजे ही ओळख पटवण्याची झिंग. पडद्यावर काहीतरी दिसतं आणि त्यावरून साल काढता येतं. इंजिन चालकाच्या पुढे की मागे? ग्राँ प्रीत मागे इंजिन असलेल्या गाडीचा पहिला जागतिक अजिंक्यपदाचा विजय १९५८ मध्ये अर्जेंटिनात, कूपर गाडीत बसलेल्या मॉसचा. पुढे इंजिन असलेल्या गाडीचा शेवटचा असा विजय १९६० मध्ये इटलीतल्या मोंझाला, फिल हिलचा, फेरारीतून. मधल्या काळात दोन्ही जातीच्या गाड्या एकाच रांगेत दिसतात. ग्राँ प्रीच्या गाडीला पंख (गाडी रस्त्याला दाबून धरणारी फळी) दिसले तर १९६८ किंवा त्यानंतरचं. पंख उंच काड्यांवर असतील तर १९६९ च्या मोनॅकोच्या आधीचं, कारण त्या शर्यतीच्या सुमारास ते बंद केले. लोटस हिरवी असेल तर आधीची, सिगारेटच्या पाकिटाचे रंग ल्यायलेली असेल तर १९६८ पासूनची. गडद निळ्या हेल्मेटवर उभ्या पांढऱ्या वल्ह्यांचे पट्टे दिसले की तो ग्रॅहम हिल, लंडन रोइंग क्लबचे रंग. पांढऱ्या हेल्मेटवर चौकटीच्या कापडाची पट्टी असली की स्ट्यूअर्ट. हे एकदा डोळ्यात बसलं की नायिका काय म्हणतेय ते ऐकू येणं बंद होतं.

आणि रस्ते! बेल्जियममधल्या जुन्या स्पाचा चौदा किलोमीटरचा वळसा, शेतांमधून, घरांच्या भिंतींना घासून जाणारा. १९७० नंतर फॉर्म्युला वन तिथे त्या रूपात धावली नाही. मोंझाचं बँकिंग, म्हणजे तिरका चढवलेला वळणाचा रस्ता, जे ग्राँ प्रीसाठी १९६१ मध्ये शेवटचं वापरलं गेलं. फ्रान्समधलं रॅंस, जिथे सार्वजनिक रस्त्याच्या कडेलाच पिट होते. कठडे नाहीत, गवताच्या गंज्या रचलेल्या, प्रेक्षक हात लांब केला तर गाडीला लागेल एवढ्या अंतरावर. १९५५ मध्ये ल माँला ऐंशीहून जास्त माणसं मेली, १९५७ च्या अपघातानंतर इटलीतल्या रस्त्यांवरची मिले मिलिया शर्यत म्हणून संपली, आणि तरी पुढची कितीतरी वर्षं हे असंच चालू राहिलं. इतिहास वाचून हे समजतं. पण एका पोरकट प्रेमकथेच्या मागे एक बाप मुलाला खांद्यावर घेऊन रस्त्याच्या अगदी काठावर उभा दिसतो, तेव्हा पोटात गोळा येतो.

माणसांचंही तेच. जॉन फ्रँकेनहायमरचा ‘ग्राँ प्री’ १९६६ चा, तीन ऑस्कर मिळालेला, त्यामुळे तो अपरिचित म्हणता येणार नाही. पण त्याचा दाखला द्यावाच लागतो. त्याच हंगामातल्या खऱ्या शर्यतींच्या ठिकाणी तो चित्रित झाला, फिल हिल फोर्ड जीटी४० वर कॅमेरा बांधून चालवत होता. नटांच्या गाड्या मात्र फॉर्म्युला वनसारख्या सजवलेल्या लहान गाड्या होत्या. त्यात खरे चालक दिसतात: बांदिनी दिसतो, जिम क्लार्क दिसतो, ब्रूस मॅकलॅरन, योखेन रिंट. बांदिनी १९६७ मध्ये गेला, क्लार्क १९६८ मध्ये, मॅकलॅरन आणि रिंट १९७० मध्ये. चौघेही गाडीच्या अपघातात. पडद्यावर ते हसत उभे असतात आणि आपल्याला पुढचं माहीत असतं. मी तो भाग कुणाशी बोलत बोलत बघू शकत नाही.

स्टीव्ह मॅक्वीनच्या ‘ल माँ’बद्दल एवढंच सांगतो की त्यासाठी १९७० च्या खऱ्या चोवीस तासांच्या शर्यतीत कॅमेरे लावलेली पोर्शे ९०८ उतरवली होती. हर्बर्ट लिंगे आणि जोनाथन विल्यम्स चालवत होते. फिल्म बदलायला सारखी पिटमध्ये यावी लागायची, तरी ती शेवटपर्यंत धावली, फक्त अंतर कमी पडल्याने निकालात धरली गेली नाही. शर्यतीचे प्रसंग कुठे खरोखर सोन्याचे असतात असं विचाराल तर हा चित्रपट. माझं वरचं विधान अशा चित्रपटांना लागू नाही.

माहितीपटांना तर अजिबातच नाही, हे आधीच म्हणायला हवं होतं. शेल कंपनीच्या फिल्म युनिटसाठी बिल मेसनने काढलेले रेसिंगचे माहितीपट बघा. त्याचा मुलगा निक पुढे पिंक फ्लॉइडचा ड्रमर झाला आणि जुन्या रेसिंग गाड्यांचा मोठा संग्राहकही. फोर्डचा ‘नाइन डेज इन समर’ कॉसवर्थ डीएफव्ही इंजिन आणि लोटस ४९ वर आहे. ४ जून १९६७ ला नेदरलँड्समधल्या झांडफोर्टला ही जोडी पहिल्यांदा उतरली आणि क्लार्कने ती शर्यत जिंकली. १९७२ चा मायकल कायझरचा ‘द स्पीड मर्चंट्स’ मारिओ आंद्रेत्ती आणि व्हिक एलफर्डसोबत स्पोर्ट्सकारच्या हंगामभर फिरतो. कंपन्यांनी जाहिरातीसाठी काढलेल्या अशा फिल्म्स क्लबांना, शाळांना दाखवायला १६ मिमीवर दिल्या जायच्या, म्हणून त्या अजूनही मिळतात.

आता सुरुवात कुठून करावी. चित्रपट बघायचे असतील तर डिस्कवर बघा. प्रिंट घ्यायची तर आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास म्हणजे ॲसिटेट फिल्म सडायला लागली, आणि तो डबा बाकीच्या डब्यांशेजारी ठेवला तर त्यांनाही बाधतो. रंगीत प्रिंट असेल तर काही फुटांचा तुकडा उजेडात धरून बघा. जुन्या ईस्टमनकलरचे निळे-हिरवे रंग उडून सगळं गुलाबी-लाल झालेलं असतं. टेक्निकलरच्या डाय ट्रान्सफर (रंग छापून काढलेल्या) प्रती मात्र अजून टवटवीत दिसतात, आणि अंधारात ठेवलेलं कोडाक्रोमही. फिल्म आक्रसली असेल तर प्रोजेक्टरवर चढवू नका, भोकं फाटतील. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीआधीची ३५ मिमी फिल्म नायट्रेटची असू शकते, ती झटकन पेट घेते, तिला घरात हातच लावू नका. १६ मिमी पहिल्यापासूनच सेफ्टी फिल्म आहे. किंमत वाढेल का, या तुमच्या प्रश्नात मला रस नाही. त्यासाठी जमवणार असाल तर दुसरं काहीतरी जमवा. आणि प्रिंट तुमची झाली म्हणून चित्रपटाचे हक्क तुमचे होत नाहीत, चार माणसांना तिकीट लावून दाखवण्याआधी चौकशी करा.

शर्यतीच फक्त बघायच्या असतील तर प्रिंट स्कॅन करून घ्या आणि जे कापायचं ते संगणकावर कापा. फिल्मला हात लावू नका. याला एक तांत्रिक कारणही आहे, आणि ते भाऊंना माहीत असून त्यांनी दुर्लक्ष केलं, याचा मला जास्त राग आहे. १६ मिमीच्या ऑप्टिकल प्रिंटवर (आवाज फिल्मच्या कडेच्या पट्टीत छापलेल्या) आवाज चित्राच्या बरोबर शेजारी नसतो, तो सव्वीस फ्रेम पुढे छापलेला असतो. म्हणजे जिथे चित्र कापाल तिथे नव्या प्रसंगाच्या पहिल्या सेकंदाचा आवाज आधीच्या तुकड्यावर राहून जातो. भाऊंच्या रिळावरची प्रत्येक शर्यत स्वतःच्या नव्हे तर त्यांनी आधी जोडलेल्या भलत्याच तुकड्यावरच्या आवाजाने सुरू होते. त्यांच्या इंजिनांची पहिली डरकाळी माझ्या पिशवीतल्या फिल्मवर आहे.

भाऊ या साइटवर येतात, मला माहीत आहे. भाऊ, दोन्ही रिळं एकत्र करून स्कॅन करू, खर्च माझा, जोड मी लावतो, प्रिंट तुमच्याच कपाटात राहू द्या. आकडा रंगवणाऱ्या माणसाचा प्रसंग सुरू होताना बायको काहीतरी म्हणते, ओठ हलताना दिसतात आणि ऐकू काहीच येत नाही. ते शब्द तुमच्या शर्यतीच्या शेवटच्या सव्वीस फ्रेमवर आहेत.